मदत हवी आहे: रानभात, इमॅझेथापायर आणि नंतरची रब्बी ज्वारी

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यात भात म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. परंतु कालव्याखालच्या आमच्या भारी काळ्या तुकड्यात पावसाळ्यात पाणी साचत असल्याने खरिपात दुसरे पीक तग धरत नाही. मजुरांअभावी रोपलावणी शक्य नाही, म्हणून भात पेरूनच घेतो.

त्यात रानभात, म्हणजे भातासारखेच दिसणारे तण, माजला आहे. ओंबी येईपर्यंत तो ओळखूच येत नाही. नंतर लांब कुसळे दिसतात, दाणे कापणीआधीच झडतात आणि सोलल्यावर तांदूळ तांबडा निघतो. पेरणीपूर्वी ओलवून उगवलेले तण कुळवाने मोडले, पेंडीमेथॅलीन हे तणनाशक फवारले, ओंब्याही खुडल्या. प्रादुर्भाव घटला, हटला नाही.

आता 2021 साली प्रसारित झालेला, इमॅझेथापायर हे तणनाशक सहन करणारा ‘पुसा बासमती 1985’ हा भाताचा वाण पेरण्याचा विचार आहे. हा वाण जनुकीय परिवर्तित नाही, हे ठाऊक आहे. रानभाताशी थोडा जरी संकर झाला तरी सहनशीलता तणात उतरते, म्हणून सलग दोन वर्षे हा वाण घेणार नाही. खरी अडचण पुढच्या पिकाची आहे, कारण त्याच रानात मालदांडी ही रब्बी ज्वारी पेरायची असते आणि ज्वारीला या तणनाशकाचा जमिनीतील अवशेष बाधतो. कडब्यासाठी ज्वारी सोडणे परवडणारे नाही.

भारी काळ्या जमिनीत जुलैमध्ये इमॅझेथापायर फवारून त्याच वर्षी रब्बी ज्वारी कोणी घेतली आहे का, उगवण कशी झाली, आणि पेरणीपूर्वी अवशेष तपासण्यासाठी कुंडीत ज्वारी उगवून पाहणे पुरेसे ठरते का?