कलचाचणीत न विचारलेला कल

पायवाट:

'सरळवाट' यांनी परवा करिअर निवडीवर लिहिताना असे म्हटले की, आवड, कुवत आणि संधी या तीनच गोष्टी पाहाव्यात. लैंगिक कल ही खासगी बाब असल्यामुळे ती व्यवसायाच्या निवडीत आणण्याचे कारण नाही. त्याखाली अनेकांनी 'अगदी मनातले बोललात' असे लिहिले. माझ्या मनातले ते नव्हते, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

मराठीत 'कल' हा शब्द कामाची ओढ आणि लैंगिक ओढ अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. मी सोळा वर्षांचा असताना शाळेने कलचाचणी घेतली आणि माझा कल अध्यापनाकडे असल्याचे कागदावर लिहून आले. ते खरे होते. धाकट्या मुलांना अपूर्णांक समजावताना माझे देहभान हरपत असे. त्याच वर्षी माझा दुसरा कलही मला स्वतःपुरता स्पष्ट झाला होता. दिवसभर मुलांमध्ये वावरणाऱ्या समलिंगी शिक्षकाविषयी लोक काय बोलतील आणि त्यावर मी काय उत्तर देईन, याची जुळवाजुळव मी रात्र रात्र करत असे. शेवटी मी नकाशे तयार करण्याचे काम पत्करले, कारण तिथे एक टेबल, एक पडदा आणि एक माणूस एवढ्यात दिवस सरतो. पंचवीस वर्षे ते काम मी चोख केले. पण ते मी लपायला बरे म्हणून निवडले होते.

हे लपणे कसे असते ते सांगतो. सोमवारी सकाळी सहकारी विचारतात, "काय मग, सुट्टीत काय केलंत?" मराठीत क्रियापदच माणसाचे लिंग सांगून टाकते. 'तो आजारी होता' म्हटले की हा 'तो' कोण, हा प्रश्न आलाच. म्हणून पंचवीस वर्षे मी 'आम्ही गेलो होतो', 'घरून फोन आला', 'घरी जरा बरं नाही' अशी कर्ता नसलेली वाक्ये बोलत आलो. जोडीदाराची शस्त्रक्रिया झाली तेव्हा 'घरी अडचण आहे' एवढेच कारण देऊन मी रजा मागितली, आणि अडचण किरकोळ दिसत असल्यामुळे ती अर्ध्याच दिवसाची मिळाली.

आता 'सरळवाट' यांच्या तीन कसोट्यांकडे येतो. फ्रँक कामेनी हार्वर्डमधून खगोलशास्त्रात पीएच.डी. झाले होते आणि अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागात काम करत होते. साल 1957, म्हणजे स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला ते वर्ष. त्यांच्यासारख्या माणसाला मागणी किती असेल याची कल्पना करावी. आवड, कुवत, संधी, तिन्ही जुळून आलेल्या होत्या. ते समलिंगी आहेत एवढ्यावरून त्यांना काढून टाकण्यात आले. ते न्यायालयात गेले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. सरकारने माफी मागितली ती 2009 मध्ये. लैंगिक कल ही चौथी गोष्ट कामेनी यांनी मध्ये आणलेली नव्हती, ती त्यांच्या मालकाने आणली होती.

सरळवाट:

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. परंतु माझ्या लेखाचा आपण जो अर्थ लावला आहे, तो मला मान्य नाही. मी गेली अठरा वर्षे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो, आणि जे लिहिले ते त्यांच्याकडे पाहून लिहिले आहे.

माझ्या सख्ख्या भाच्याने आपला कल घरात सर्वांत आधी मला सांगितला. तेव्हा तो वैद्यकीय प्रवेशाची तयारी करत होता. कुणा शहाण्या वडीलधाऱ्याने त्याच्या डोक्यात भरवले की, डॉक्टरचा व्यवसाय नावावर चालतो, नाव गेले की सगळे गेले, म्हणून घरी बसून करता येईल असे काहीतरी शीक. त्याने ऐकले. आज त्याचे उत्पन्न चांगले आहे, परंतु रस्त्यावर कुणाला चक्कर आली की तो ज्या अधीरतेने धावतो, ते पाहून मला त्या वडीलधाऱ्यांचा राग येतो. आपल्याला निवड करताना भीती वाटली, हे मी समजू शकतो. पण तीच भीती निकष म्हणून पुढच्या पिढीच्या हातात द्यायची असेल, तर दारे बंद करण्याचे काम इतरांऐवजी आपणच करत आहोत.

समलिंगी असलेल्या अमेरिकी अंतराळवीर सॅली राइड 1983 मध्ये अवकाशात गेल्या, त्या अशा भीतीचा हिशेब मांडत बसल्या असत्या तर गेल्या असत्या का? शिवाय आपण 1957 मधले उदाहरण देत आहात. जग तिथेच थांबलेले नाही.

चांदणी:

सॅली राइड यांचे नाव घेतलेत, तर ते पुरते घ्यावे. त्यांच्या जोडीदार टॅम ओ'शॉनेसी आणि त्या 27 वर्षे एकत्र होत्या, आणि हे जगाला कळले ते 2012 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या निवेदनातून. त्या गेल्या हे खरे आहे, परंतु जाताना त्यांना काय झाकावे लागले हेही तितकेच खरे आहे. आणि 1957 जुने वाटत असेल, तर समलिंगी व्यक्तीने कल लपवला तरच तिला अमेरिकी सैन्यात राहू देणारे 'विचारू नका, सांगू नका' हे धोरण 1993 पासून 2011 पर्यंत चालले. त्याखाली 13,000 हून अधिक जणांना सैन्य सोडावे लागले.

मात्र माझे 'पायवाट' यांच्याशीही पटत नाही. तुम्ही व्यवसायाला दोष देत आहात. माझ्या अनुभवाप्रमाणे प्रश्न व्यवसायाचा नसून त्या विशिष्ट जागेचा असतो. मी पूलबांधणीत आहे. हे पुरुषांचे क्षेत्र आहे आणि तिथे माझ्यासारखीचा निभाव लागणार नाही, असे मला सगळ्यांनी सांगितले होते. पहिल्या नोकरीत ते खरे ठरले. साइटवरच्या वरिष्ठाला कुठूनतरी कळले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला मोजमापाच्या वह्या तपासायला आत बसवण्यात आले. मी चौदा महिन्यांत तिथून बाहेर पडले. दुसऱ्या नोकरीत पद तेच, काम तेच, धूळही तीच. रुजू होताना विम्याच्या अर्जात 'पतीचे नाव' असा छापील रकाना होता आणि मी पेन हातात धरून थबकले होते. समोरच्या लिपिक बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, अर्ज स्वतःकडे ओढला, पट्टी धरून 'पतीचे' या शब्दावर सरळ रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'जोडीदाराचे' असे लिहिले आणि म्हणाल्या, "भरा आता." पुढे त्या अर्जाचे काय झाले हा वेगळा विषय आहे, पण त्या रेघेमुळे मी इथे नऊ वर्षे टिकले आहे. तुम्ही शिक्षक झाला असतात आणि अशी एखादी बाई तुमच्या शाळेत असती, तर?

रात्रपाळी:

मी समलिंगी नाही, त्यामुळे इथे बोलावे की नाही याचा विचार केला. परंतु अर्ध्या दिवसाच्या रजेबद्दल वाचले आणि राहवले नाही. मी परिचारिका आहे, वय एकेचाळीस, अविवाहित. गेल्या सतरा वर्षांत सणाच्या दिवशी मी घरी असल्याचे मोजून तीन प्रसंग आहेत. "तुला काय, तू एकटीच आहेस," हे वाक्य म्हणून प्रत्येक वेळापत्रकात माझे नाव रात्रपाळीला घातले जाते. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हाही मुले असलेल्यांना आधी रजा मिळाली. तुम्ही ज्याला कलाचा प्रश्न म्हणता, तो मुळात लग्न न केलेल्या माणसाला पूर्ण माणूस न समजण्याचा प्रश्न आहे. तो आम्हां सगळ्यांचा आहे.

पायवाट:

'रात्रपाळी', आपल्यावर अन्याय होतो हे मी नाकारत नाही, पण कृपया या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकू नयेत. आपण एकट्या आहात, म्हणून आपल्याला एकटे समजतात. मी एकवीस वर्षे एका माणसासोबत संसार करतो आहे आणि तरीही मला एकटा समजतात. आपण उद्या लग्न केलेत तर वेळापत्रक बदलेल. माझे कशाने बदलणार?

रात्रपाळी:

"उद्या लग्न केलेत तर" हे वाक्य मी आजवर सासुरवाशिणींकडून, डॉक्टरांकडून आणि रुग्णांच्या नातेवाइकांकडून ऐकले आहे. ते तुमच्याकडून ऐकावे लागेल असे वाटले नव्हते. मला लग्न करायचे नाही, कोणाशीच नाही, आणि हे मी तुमच्याइतक्याच विचारांती ठरवले आहे. स्वतःच्या निवडीला आदर हवा असेल तर दुसऱ्याच्या निवडीवर असा सहज उपाय सुचवू नये.

जुना वाचक:

सर्वांचे वाचले. मी बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या वेळी कोण कोणाबरोबर राहतो याची चर्चा कचेरीत होत नसे आणि कामे उत्तम होत. शयनगृहातली गोष्ट टेबलावर आणण्याचा हा आग्रह मला आजही समजत नाही.

चांदणी:

काका, चार महिन्यांपूर्वी तुम्ही इथेच आपल्या निरोप समारंभाविषयी लिहिले होते. सात बदल्यांमध्ये काकूंनी संसार कसा हलवला, हे सांगताना तुमचा कंठ दाटून आला आणि सगळी कचेरी उभी राहिली, असे तुम्ही लिहिलेत. मी ते वाचून रडले होते. त्यात शयनगृह कुठे होते? 'पायवाट' यांच्या निरोप समारंभात त्यांना कोणाचे नाव घेता येईल, एवढे फक्त सांगा.

जुना वाचक:

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. माझे बाकीचे मत अजून तेच आहे, पण 'शयनगृह' हा शब्द मी मागे घेतो.

पायवाट:

'रात्रपाळी', ते वाक्य मी लिहायला नको होते. क्षमस्व. रजेच्या बाबतीत आपला आणि माझा जाच एकाच ठिकाणून येतो, हे मला मान्य करावे लागेल, जरी पुढे आपल्या वाटा वेगळ्या होत असल्या तरी. वेगळ्या का, तेही सांगतो. 6 सप्टेंबर 2018 रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा आमच्यावरचा बडगा गेला, पण खासगी मालकाने माझ्या कलावरून मला काढले तर मला थेट संरक्षण देणारा कायदा आजही नाही. अमेरिकेत कलावरून नोकरीतून काढणे बेकायदा ठरवणारा निकाल जून 2020 मध्ये, बोस्टॉक खटल्यात लागला.

'चांदणी' यांच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. अशी बाई माझ्या शाळेत असती, तर कदाचित मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो असतो. पण सोळाव्या वर्षी ती आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि मुलगा आधी शाखा निवडतो, मग व्यवसाय, मग नोकरी. 'जागा' निवडण्याची वेळ येते तोवर दोन दारे त्याने स्वतःच लावून घेतलेली असतात. समलिंगी माणसे एकट्याने करता येणाऱ्या किंवा समोरच्याचे मन ओळखावे लागणाऱ्या व्यवसायांत अधिक आढळतात, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. ते वाचताना माझे टेबल कुणीतरी पाहून गेल्यासारखे वाटले.

सरळवाट:

आपण अभ्यास दाखवलात, तर मी एक माणूस दाखवतो. जॉन फ्रायर हे मनोविकारतज्ज्ञ होते आणि समलिंगी असण्यावरून त्यांना प्रशिक्षणाची जागा सोडावी लागली होती. 1972 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिवेशनात ते मुखवटा घालून, ढगळ कोट चढवून, आवाज बदलणाऱ्या ध्वनिक्षेपकातून बोलले की, मी समलिंगी आहे आणि मी मनोविकारतज्ज्ञ आहे. पुढच्याच वर्षी त्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. ते तो व्यवसाय सोडून गेले असते, तर त्या सभागृहात आतून बोलणारे कोण होते? म्हणून मी मुलांना आत जा असे सांगतो.

पायवाट:

मुखवटा घालून, हे आपणच लिहिले आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आत जा असे सांगताना त्या मुखवट्याचे वजन किती असते, हेही आपण सांगता का? आपल्या भाच्याला कोणी सांगितले होते का?

सरळवाट:

नाही. मीही सांगितले नव्हते. त्याने मला विचारले होते, आणि मी 'तू अभ्यासाकडे लक्ष दे' असे म्हणून विषय बदलला. ते वडीलधारे बोलले ते त्यानंतर. हे मी आधीच्या उत्तरात लिहायला हवे होते.

माझ्या लेखातल्या तिसऱ्या मुद्द्यात आज बदल केला आहे. 'संधी' याऐवजी 'संधी, आणि ती जिथे मिळणार आहे तिथली माणसे; शक्य असल्यास तिथे काम करणाऱ्या समलिंगी व्यक्तीशी आधी बोलून घ्यावे' असे तिथे आता आहे. चौथा मुद्दा मी घातलेला नाही आणि घालणार नाही.

पायवाट:

बदल वाचला. चौथा मुद्दा मला तरीही हवा आहे, आणि तो तुमच्या भाच्यासाठीच हवा आहे. उद्या मसुदा लिहून पाठवतो. पटला नाही तर तसे इथेच लिहा.