अनुभव धागा: ‘ट्विन पीक्स’चा शेवट तुम्हाला पटला का?

सुरुवात मीच करते. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, जानेवारी २०२५. दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेल्याची बातमी आली आणि मी त्यांची ‘ट्विन पीक्स’ ही अमेरिकन मालिका पहिल्यापासून परत लावली. १९९०-९१ चे ३० भाग, मग २०१७ चे १८. ट्विन पीक्स गावातल्या लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून कोणी केला हे दुसऱ्या पर्वाच्या मध्याआधीच कळतं. चॅनेलच्या आग्रहापुढे ते सांगावं लागलं, लिंचना सांगायचंच नव्हतं. आणि खरंच, उत्तर मिळालं तसं ते गाव मला रिकामं वाटायला लागलं. म्हणून २०१७ च्या शेवटाकडून मी उत्तर मागितलंच नाही. मला तो पटला. तुमचं सांगा. मालिका पाहिली नसेल तर इथंच थांबा, पुढे सगळं उघड आहे.

*होटगी रोडवरून*
मला नाही पटला. २०१७ च्या पर्वात कूपर, म्हणजे लॉराच्या खुनाचा तपास करणारा एफबीआयचा माणूस, शुद्धीवर यायला १६ वा भाग उजाडतो. तो उठला तेव्हा मी एकटा घरात टाळ्या वाजवल्या! पुढच्या दोन भागांत तो आनंद काढून घेतला. २५ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला एवढं तरी द्यायचं होतं.

*अक्कलकोट रोड, यंत्रमाग*
मी रात्रपाळी करून आल्यावर बघत बसलतो. आठवा भाग लागला, १९४५ चा न्यू मेक्सिकोतला अणुस्फोट, सगळं काळं-पांढरं. गोष्ट काय कळली नाही बघा, पण लै भ्या वाटलं. शेवटाचं म्हणाल तर तसंच. कळला नाही, पण डोक्यातनं जात नाही.

*जुळे सोलापूर*
आमचं बालपण मिलच्या चाळीत गेलं. धाकटी बहीण तिथंच, तापाने गेली. नंतर चाळ सुटली. बऱ्याच वर्षांनी मी एकदा त्या खोलीपर्यंत गेले. दार दुसऱ्याच बाईंनी उघडलं. आमचं आडनाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

१८ व्या भागात कूपर हुबेहूब लॉरासारख्या दिसणाऱ्या एका बाईला टेक्सासहून लॉराच्या घरी आणतो, तिथंही अनोळखी बाई दार उघडते, पामर कोण ते तिला माहीत नसतं. मी तिथंच मालिका थांबवली. उरलेली दोन मिनिटं दुसऱ्या दिवशी पाहिली. रस्त्यावर उभा राहून कूपर विचारतो, हे साल कोणतं? घरातून कोणीतरी लॉरा म्हणून हाक मारतं, सोबत आणलेली ती बाई किंचाळते, दिवे जातात. आधीच्या भागात त्याने लॉराला मरणाच्या रात्रीतून हात धरून बाहेर काढलेलं असतं, आणि जंगलात तो हात सुटतो. याहून खरा शेवट मला सुचत नाही. गेलेलं माणूस परत आणून दिलं असतं तर मला राग आला असता.

*साखर पेठ*
माझ्यापुरती मालिका १७ व्या भागात, हात सुटायच्या आधी संपते. दर वेळी तिथंच बंद करते. ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकेचं १९६८ मधलं शेवटचं कोडंही मला झेपलं नव्हतं. मुखवट्याखाली नायकाचाच चेहरा निघतो, पण तिथं निदान मुखवटा तरी निघाला.

*धागा काढणारी*
जुळे सोलापूरच्या ताई, दार उघडलेल्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत?

*जुळे सोलापूर*
काही नाही. प्यायला पाणी मागितलं. त्यांनी आत बोलावलं, मी उंबऱ्यावरच प्यायले.