पद्मिनीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

पारोळेकर
राम राम मंडळी. वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून वापरात आहे. उन्हाळा लागला की जळगावला जाताना एरंडोलच्या पुढे मिसिंग सुरू होतं, मग सरळ बंद. सावलीत थोडा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशी चालू. मेकॅनिक दरवेळी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे ते धातूचे संपर्क, घासून देतो. आता म्हणतो, इलेक्ट्रॉनिक किट बसवा, कटकट मिटेल. बसवू का?

भुसावळची जीप
बिनधास्त बसवा. माझ्या पेट्रोल जीपला आहे. पहिल्या सेल्फला उठते, आयडलिंग एकसारखं. पॉइंट कोण घासत बसतं आता!

अप्पा, चाळीसगाव
भाऊ, किट नंतर. आधी रोग शोधा. गॅरेजात वय गेलं माझं, म्हणून जरा लांबण लावतो.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच एक प्लग काढा, वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा (कार्बोरेटरपासून लांब हं!) आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक पडली तर पॉइंटचा काही दोष नाही. पेट्रोल पंप तापून वाफ धरतोय. पंपावर ओलं फडकं टाका, उठेल. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत हे चालायचंच, त्याला किट काय करणार?

ठिणगी पिवळी, मरतुकडी किंवा नाहीच, तर कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवतो तो) नाहीतर कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवते ती). दोघंही तापले की दगा देतात, गार झाले की साळसूद. पॉइंट उजेडात धरून बघा. एका बाजूला खड्डा आणि समोर तेवढाच उंचवटा दिसला तर कंडेन्सर बदला. नुसतं घासून देणाऱ्याला पैसे कशाचे देता?

किट वाईट नाही. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरतं तेव्हा पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. पॉइंटची घासणारी टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं. किटमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटतो तो) फिरत्या रोटरखाली मॅग्नेटची रिंग आणि पॉइंटच्या जागी सेन्सर, घासणारं काही नाही. पण आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलवून बघा. शाफ्ट धरणारं बुश ढिलं असेल तर ते पहिलं काम. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर मोजून किटच्या कागदाशी ताडा. कमी भरला तर मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतं. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून रेडिओ ऐकायची सवय असेल तर तीही सोडा, त्यानेही मॉड्यूल जळू शकतं. बसवल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग परत सेट करायचं, कानाने नाही.

पारोळेकर
अप्पा, काल भर दुपारी बंद पडली तेव्हा बघितलं. ठिणगी नावालाच. पॉइंटवर खड्डा पण तसाच, तुम्ही म्हणाला तसा. नवीन कंडेन्सर टाकला, आज जळगाव करून आलो, कुठे थांबली नाही. तरी दिवाळीपर्यंत किट घ्यायचा विचार आहे. शाफ्ट घट्ट आहे.

अप्पा, चाळीसगाव
मग खुशाल घ्या. फक्त जुने पॉइंट, कंडेन्सर आणि स्क्रू पुडीत बांधून डॅशबोर्डच्या खणात टाका. पॉइंट मरताना कुरकुर करतात, मॉड्यूल न सांगता जातं, आणि कन्नड घाटात ते कोणाकडे मिळणार?