मदत हवी आहे : आईचा नवा मधुमेह आणि ज्वारीची भाकरी

नमस्कार. सोलापुरात राहणाऱ्या माझ्या आईला नुकतेच टाइप २ मधुमेहाचे निदान झाले असून तिचे एचबीए१सी, म्हणजे मागील सुमारे ३ महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारे प्रमाण, ८.१ टक्के आले आहे. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केले आहे.

भात तिने स्वतःहून सोडला. परंतु ज्वारी कितीही चालते या समजुतीने ती दोन-तीन कडक भाकऱ्या दह्यात चुरून, वर शेंगाचटणी घालून जेवते, आणि ज्वारीतही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात हे तिला पटत नाही. भाकरी पूर्ण बंद करणे मला योग्य वाटत नाही. आपल्या घरी भाकरीचे प्रमाण कसे ठरवले, सोबत कोणत्या उसळी-भाज्या वाढवल्या, आणि इथल्या उन्हाळ्यात चालण्याची वेळ कशी जमवली, हे कृपया सांगावे.

निदान झाल्यापासून ती फार गप्प असते, याची मला अधिक काळजी वाटते. अशा वेळी तिच्याशी कसे बोलावे?