फुकट मिळालं, पण वाचता येईना. याला 'खुलं' म्हणायचं का?

ऐकूनवाचणारी: मला दिसत नाही, एनव्हीडीएवर वाचते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर. काल तासभर शोधल्यावर हवा तो जुना शोधनिबंध सापडला. पैसे नाहीत, लॉगिन नाही, वर 'ओपन ॲक्सेस' असा शिक्का. हरखून पीडीएफ उघडली, तर आवाज आला, "रिकामा दस्तऐवज". चौदाच्या चौदा पानं नुसते फोटो! ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, तेही करून पाहिलं. दोन स्तंभांची पानं, त्यामुळे डावीकडचं अर्धं वाक्य थेट उजवीकडच्या वाक्यात घुसलं. तेही लावलं असतं हो मागचापुढचा धागा पकडून, पण तक्त्यांचं काय? ०.०५ चं ००५ झालंय. आकड्याला कसला आलाय मागचापुढचा धागा? काही मार्ग आहे का?

कपाटामागचा: आधी लेखकांना मेल टाका, त्यांच्याकडे मूळ वर्ड फाइल असू शकते. नवे निबंध असतील तर अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर पाहा. २०२३च्या अखेरीपासून तिथे बऱ्याच निबंधांचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचं रूपही मिळतं, मुद्दाम स्क्रीन रीडरवाल्यांचा विचार करून. तुमच्या जुन्या निबंधाला उपयोग नाही म्हणा.

तळटीप: 'फुकट आहे ना, मग तक्रार कसली' असं कुणी म्हणालं, तर २००२चा बुडापेस्ट जाहीरनामा दाखवा. ओपन ॲक्सेसच्या व्याख्येत आर्थिक आणि कायदेशीर अडथळ्यांसोबत तांत्रिक अडथळेही नकोत असं स्पष्ट लिहिलंय.

स्कॅनवाला: मी हेच काम करतो, म्हणून थोडं टोचलं. ढीगभर अंक, मशीन एक. पान सरळ आलं की पुढचं. मजकूर तपासायला माणूसच नसतो. पण निबंधावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (वापरायची मोकळीक आधीच देऊन ठेवणारा) आहे का बघा. त्याच्या ४.० आवृत्तीत नुसतं फाइलचं स्वरूप बदलणं म्हणजे नवी कृती धरत नाहीत, त्यामुळे 'बदल नको' अटीचा परवाना असला तरी रूपांतर करून इतरांना देता येतं. नुसत्या 'ओपन ॲक्सेस' शिक्क्यावर विसंबू नका.

ऐकूनवाचणारी: परवाना काही सापडला नाही. लेखिकेला मेल केला होता, आज पाचव्या दिवशी वर्ड फाइल आली. तिसऱ्या तक्त्यात एका आकड्याआधी उणे चिन्ह होतं, ते ओसीआरने खाल्लं होतं. पाच दिवस मी नेमका उलटा निष्कर्ष धरून टिपणं काढत बसले होते. आता ती सगळी पुन्हा.