मिठाचा स्विमिंग पूल हिरवा झालाय, सेल तर चालू आहे!

मळेकर_गिरणारे: मळ्यात 60,000 लिटरचा पूल आहे, सॉल्ट क्लोरिनेटरवाला. बसवणारा म्हणाला होता आता क्लोरीनची कटकटच संपली. पावसाळाभर पूल ओसंडून वाहिला आणि आता ऑक्टोबर हीटमध्ये आठ दिवसांत पाणी हिरवंगार, पायऱ्या बुळबुळीत. क्लोरिनेटरचा सेल 100 टक्क्यांवर, मीठ 1800 पीपीएम (दहा लाख भागांत 1800). दिवाळीला पाव्हणे येणारेत, पोरं ऐकायची नाहीत. अजून मीठ ओतू का सगळं पाणीच सोडून देऊ बागेला?

फिल्टरभाऊ: बागेला नको हो दादा, खारं पाणी आहे, वेली जाळाल! मिठाचा पूल म्हणजे क्लोरीनचाच पूल, सेल मिठापासून क्लोरीनच बनवतो, पण हळूहळू, आणि शेवाळं धरलं की जेवढं बनतं तेवढं ते खातं. पीएच 7.2 च्या आसपास आणा, भिंती, पायऱ्या, शिडीमागचा कोपरा सगळं खसाखसा घासा आणि सूर्य मावळल्यावर लिक्विड क्लोरीन टाका. 10 टक्केवालं 6 लिटर टाकलं की तुमच्या पाण्यात 10 पीपीएम वाढतं, पण कॅन उन्हात पडलेला असेल तर त्यात दम राहिलेला नसतो. एका डोसात भागणार नाही, रोज मोजून टाका, पंप रात्रंदिवस चालू, फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा. ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत कधीच नाही, विषारी गॅस होतो.

गंगापूररोडकर: +1. मीठ पावसानेच पातळ झालंय. 3000 पीपीएमला आणायला 72 किलो लागेल, बिनआयोडीनचं घ्या. सायन्युरिक ॲसिडही वाहून गेलं असणार, ते नसलं की उन्हात क्लोरीन दुपारपर्यंत गायब, तेही तपासा. बोअरचं पाणी भरता का? मग सेल उघडून बघा, आत क्षार धरले असतील.

मळेकर_गिरणारे: बोअरचंच. उघडला तर आत पांढरा थर, आमच्या गिझरच्या कॉईलसारखा 😅 घासून घासून पाठ धरलीय. तीन दिवस झाले, पाणी हिरव्याचं राखाडी झालंय.

फिल्टरभाऊ: राखाडी म्हणजे शेवाळं मेलं, आता फिल्टरला वेळ द्या. सेल पातळ ॲसिडने धुवा, पाण्यात ॲसिड ओतायचं, उलटं नाही, आणि तारेने खरवडू नका, प्लेटचं कोटिंग जातं. रात्री क्लोरीन मोजा, सकाळी ऊन पडायच्या आत परत मोजा, फरक 1 पीपीएमच्या आत आला की शेवाळं संपलं. तळ स्वच्छ दिसून क्लोरीन खाली येईपर्यंत पोरांना आत सोडू नका, मग पाव्हणे कितीही रुसोत.