जर्मनीत एएफडीवर बंदी घालावी का?

मंजिरी_कोलोन:
फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी हा स्थलांतरितांच्या विरोधातला कट्टर उजवा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या नंबरवर आला आणि जर्मनीतल्या आपल्या भारतीयांतलेच काही जण म्हणतात त्यात काय एवढं, बेकायदा घुसखोरांच्या विरोधात आहे, आपल्याला काय. मला बंदी हवीये. २००० ते २००७ मध्ये एनएसयू नावाच्या निओ-नाझी टोळीने दहा जणांना मारलं, आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक, एक पोलीसबाई. आणि पोलीस वर्षानुवर्षं मेलेल्यांच्याच घरच्यांच्या मागे, ड्रग्जचा धंदा होता का, माफियाशी भानगड होती का, नवऱ्याची दुसरी बाई होती का. २००६ ला कासेल शहरात मेलेल्यांच्या घरच्यांनी 'दहावा बळी नको' म्हणून मोर्चा काढला, कुणी मनावर घेतलं नाही, पुढच्या वर्षी दहावा खून झाला. खुनी कोण ते कळलं २०११ ला, तेही बँक दरोड्यानंतर पोलीस मागावर लागले म्हणून. बाप गेला आणि वर लेकरांनी गल्लीत संशयित म्हणून जगायचं, हे नुकसान कुठल्या आकड्यात धरणार?

विक्रम_सांगली:
ताई दुःख मान्य, पण एएफडी निघाला २०१३ ला. खून टोळीने केले आणि शिक्षा एक कोटीहून जास्त मतदारांना? पूर्व जर्मनीत १९९० च्या एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, तरुण पोरं पश्चिमेला गेली, तिथल्या माणसाचं कुणी ऐकलं नाही, बंदीने त्याचा राग कमी होणार का? आणि २०२४ ला झोलिंगनला सीरियन माणसाने चाकूने तिघांना मारलं, त्यावर पण बोला.

मंजिरी_कोलोन:
बोलते ना. तो खून तितकाच भयंकर होता. पण त्याच झोलिंगनमध्ये १९९३ ला निओ-नाझींनी तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं, पाच बायका-मुली गेल्या, ते तुमच्या यादीत का नाही? टोळी आणि पक्ष वेगळे हे बरोबर, पण परका माणूस म्हणजे धोका हे रोज स्टेजवरून बोललं गेलं की पोलिसाच्या, घरमालकाच्या, शेजाऱ्याच्या डोक्यात तेच बसतं.

सदा_नाशिककर:
'आपल्याला काय' म्हणणाऱ्यांसाठी. ऑगस्ट २००७, सॅक्सनीतलं म्युगेल्न, गावच्या जत्रेत जमावाने आठ भारतीयांना मारत पळवलं, ते पिझ्झाच्या दुकानात लपले तर दार फोडायला आले. महापौर म्हणे आमच्या गावात उजवे कट्टर नाहीतच. व्हिसा बघून कुणी मारत नाही हो.

विक्रम_सांगली:
हे वाचून वाईट वाटलं, खरंच. तरी पण पक्ष बंद करणं म्हणजे माणसं बंद करणं नाही, दुसऱ्या नावाने येतील.

मंजिरी_कोलोन:
येतील, पण सरकारी पैसा, ऑफिसं, संसदेतली जागा घेऊन नाही येणार. २०१७ ला इथल्या घटना कोर्टाने एनपीडी या छोट्या निओ-नाझी पक्षावर बंदी नाकारली, कारण काय तर हेतू घटनाविरोधी आहे पण पक्षात तेवढी ताकदच नाही. लहान असताना बंदी नको कारण ताकद नाही, मोठा झाला की नको कारण लोक मत देतात, मग करायची कधी?

विक्रम_सांगली:
त्याच एनपीडीचा सरकारी निधी कोर्टाने २०२४ मध्ये सहा वर्षांसाठी थांबवला ना, तसं करा. कोर्टात पुरावे ठेवा, पैसा बंद करा, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने. मतपत्रिकेवरून नाव काढायला माझा विरोधच राहील.